आणायचं तर कायमचं
मिसरोदच्या नव्या कॉलन्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे: दुकानातलं महागडं पिल्लू घेण्याआधी भोपाळमधल्या एखाद्या प्राणी-निवाऱ्यात जाऊन या. तिथल्या थोराड गावठी कुत्र्यांकडे कुणी वळूनही पाहत नाही. खरं तर सांभाळायला तीच सोपी. अंगलोट, स्वभाव आधीच कळलेला, आणि इथलं ऊन त्यांना सोसतं. सुरुवातीला ती कोपरा धरतील, जेवणार नाहीत. तेवढ्यावरून परत सोडून येऊ नका. दोनदा टाकलेलं जनावर माणसावर सहजी विश्वास ठेवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली, पण ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. आणताना निर्बीजीकरण झालंय का विचारा, आणि रेबीजची लस वेळच्या वेळी द्या.