कासवाला गाव, माळढोकाला शिक्का



रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. थंडीत समुद्री कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते नि निघून जाते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, गार राहिली तर नर. पूर्वी ही अंडी माणसं नि कोल्हे खात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावाला बरोबर घेऊन ती राखली. पुढे पाहुणे येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी राहिले, पैसे देऊन जेवले. कासवापायी कुणाचा सातबारा अडला नाही.

आता आपल्या माळावर या. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याला मोकळं माळरान लागतं, ज्वारीतले टोळ लागतात. वरोऱ्याकडे तो कापसातही दिसे. सरकारने काय केलं? १९७९ साली सोलापूर-नगरच्या ८,४९६ चौरस किलोमीटरवर अभयारण्याचा शिक्का मारला. गावंच्या गावं त्यात. २०१२ साली सुप्रीम कोर्टाच्या मान्यतेने ते १,२२२ वर आलं. तेहतीस वर्षं आमच्या जमिनी अडकल्या, आणि पक्षी तरी कुठे वाचला?

माळढोकासाठी जो माळ पडीक ठेवील, फवारणी टाळील, त्याला एकरी दाम द्या. जिल्हा बैठकीच्या ठरावात आम्ही हेच मागणार आहोत.