बोट थांबायची नाही

बार्बाडोसला बोट लागली. सहलींच्या यादीत समुद्रकिनारे होते, रमचा कारखाना होता; मला हवे होते ते केन्सिंग्टन ओव्हल. म्हटले, पायीच जाऊ.

"अहो, त्यांच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते म्हणे. आपल्याकरिता कोण थांबणार?" सौ. म्हणाली. बोलणे खरे होते. घड्याळे बोटीच्या वेळेवर ठेवून निघालो. (किनाऱ्यावर जायचे तर बस आहेच. आम्ही गेलो तेव्हा बेटावर कुठेही जा, भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे अमेरिकन पावणेदोन!)

मैदान बंदराहून फार लांब नाही. १९६२ साली इथेच ग्रिफिथचा चेंडू आपल्या कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. रक्त द्यायला उम्रीगर, बोर्डे, नाडकर्णी धावले, तसा वेस्ट इंडीजचा कर्णधार वॉरेलही. कॉन्ट्रॅक्टर वाचला, कसोटी मात्र पुन्हा खेळला नाही. ही हकीकत वडील शंभरदा सांगत, आणि दर वेळी वॉरेलपाशी त्यांचा आवाज अडखळे.

फाटक बंद होते. गजांतून हिरवळ दिसली, तेवढीच. मी परत वळलो.

"थांबा की पाच मिनिटं," सौ. म्हणाली. "मामंजींसाठी."