पाटीवरील शब्द



उधना, लिंबायत, पांडेसरा ही सुरतेतील वस्त्यांची नावे आता आपल्या खेड्यांतील आजीबाईंच्याही तोंडी बसली आहेत. पोटासाठी तिकडे गेलेला मुलगा, पुतण्या वा जावई नाही असे घर विरळाच. तो मागावर उभा राहतो, कापडाच्या रंगशाळेत राबतो. पण रसायनाच्या टाकीजवळ कसे वावरावे हे त्यास कोणी शिकविलेले असते काय?

६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतेजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार प्राणांस मुकले. शिक्षणाने ते वाचले असते असे मी म्हणत नाही; ते पातक नाल्यात विष ओतणाऱ्यांचे आहे. परंतु दुसऱ्या एका प्रकारचे मृत्यू शिक्षणाने खचित टळतात. एक कामगार टाकी साफ करण्यास उतरतो, आतील वायूने कोसळतो. त्याला काढावयास दुसरा धावतो, मग तिसरा. बंधुप्रेमानेच बळी वाढतात! उतरण्यापूर्वी आतील हवा तपासावी, कमरेस दोर बांधावा, वर एक मनुष्य सतत उभा ठेवावा आणि श्वसनाचे साधन असल्यावाचून कोणीही मागोमाग उडी घालू नये, एवढे ज्ञान एका दिवसात देता येते.

असे ज्ञान देणारी एक संस्था सुरतेत आहे. ती गिरण्यांत व कारखान्यांत जाऊन कर्मचाऱ्यांना शिकविते. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेथे नोकरीस असून संस्थेच्या संकेतस्थळाची नव्याने मांडणी करण्याचे काम त्याजकडे आले. नाताळच्या सुटीत तो जुन्या पानांच्या प्रती घेऊन मजकडे आला. पहिल्या पानावर काचेची उंच इमारत, कोट घातलेली हसरी माणसे आणि ‘उत्कृष्टतेकडे वाटचाल’ अशा धाटणीचे एक वाक्य. काय शिकविले जाते हे मात्र एका चित्रात बारीक अक्षरांत कोंबलेले! त्यातील एक ओळ अशी: ‘बंदिस्त अवकाश प्रवेश-जोखीम व्यवस्थापन’. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांत आठ वर्षे घालविलेल्या मलाही तिचा उलगडा होण्यास क्षणभर लागला. ती टाकीत उतरण्याचीच गोष्ट होती. ज्याला हे शिक्षण हवे तो मुकादम गूगलवर काय लिहील? ‘टाकी साफ करताना गॅस’. या चार शब्दांपैकी एकही त्या संकेतस्थळावर नव्हता. मग त्याला ती संस्था सापडावी कशी?

हे शोधयंत्र म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. आपल्या धर्मसभेस ही कल्पना नवी नाही. तेराव्या शतकात पॅरिस येथे दोमिनिकन संघाचे धर्मगुरू ह्यू यांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने लॅटिन पवित्र शास्त्रातील शब्दांची सूची रचली: अमुक शब्द कोणकोणत्या पुस्तकात, कोणकोणत्या अध्यायात आला आहे. पुढे १९४९ मध्ये येशूसंघीय फादर रोबेर्तो बुसा यांनी आयबीएम कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची तशीच सूची यंत्राच्या साहाय्याने करण्यास घेतली. त्या कामास सुमारे तीस वर्षे लागली व छापील खंड छपन्न झाले. गूगलच्या पोटातही मुळात अशीच सूची असते; पाने वाचीत फिरणारे यंत्र प्रत्येक शब्दापुढे पानांचे पत्ते नोंदविते. १९९८ मध्ये निघालेल्या या कंपनीने तीत साक्षीची भर घातली. इतर चांगली पाने ज्या पानाकडे बोट दाखवितात, त्यास मान अधिक.

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून काय केले ते सांगतो. प्रत्येक शिक्षणक्रमास स्वतंत्र पान दिले. मथळा कामगाराच्या तोंडच्या शब्दांत, मजकूर चित्रात नव्हे तर अक्षरांत. किती दिवस, कोठे, शुल्क किती व शिकविणारा कोण हे उघड लिहिलेले. गुजराती, हिंदी व मराठी पाने वेगवेगळी. (सुरतेच्या मागांवर ओडिशातील बांधव फार आहेत, त्यांच्या भाषेचे पान अद्याप व्हावयाचे आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकास आपापली बोली ऐकू आली, हे मी त्या तरुणाच्या कानी घातले आहे.) जुन्या पानांचे पत्ते मोडावयाचे नाहीत, त्यांवर आलेल्या मनुष्यास आपोआप नव्या पानावर पोचवावयाचे, ही त्याची सूचना मला फार पसंत पडली. घर बदलताना जुन्या दारावर चिठ्ठी लावावी, तसेच हे.

चालकांपैकी एकाचे मत पडले की ‘सुरत प्रशिक्षण’ हे शब्द पानावर वीस वेळा घालावेत. प्रार्थनेत शब्दांची व्यर्थ पुनरुक्ती करणाऱ्यांविषयी प्रभू काय म्हणाले ते आपण जाणता. शोधयंत्रेही असे पान आता मागे ढकलतात. दुसरी सूचना याहून वाईट होती. न शिकलेल्या ग्राहकांच्या नावे स्तुतिपत्रे लिहावयाची! आठवी आज्ञा संकेतस्थळासही लागू आहे, असे मी स्पष्ट सांगितले. त्या तरुणानेही ते चालकांपुढे निर्भयपणे मांडले व ती सूचना मागे पडली.

सुरतेत बाजाराचा शब्द टिपून घेण्याचे काम जुने आहे. तेथील कॅपुचिन मिशनरी फादर फ्रान्स्वा-मारी यांनी १७०३ च्या सुमारास लॅटिन, हिंदुस्थानी व फ्रेंच शब्द शेजारी शेजारी मांडून मोठा कोश सिद्ध केला. हस्तलिखित रोमला गेले. त्या काळी ते छापले मात्र गेले नाही. एवढे श्रम, पण शोधणाऱ्याच्या हाती ते लागावे कसे?

आपल्या मुलांसाठी शिक्षण वा नोकरी शोधताना आपणही एक गोष्ट ध्यानी ठेवा. यादीत वर दिसते ते उत्तम असेलच असे नाही. ‘प्रायोजित’ असा शब्द असल्यास ती पैसे देऊन घेतलेली जागा असते. पत्ता, शुल्क व शिकविणाराचे नाव जेथे लिहिलेले नाही तेथे आगाऊ रक्कम भरू नका.

नवी पाने आता लागली आहेत. यंत्र फिरून येऊन ती वाचील व त्यांना जागा देईल, त्यास काही आठवडे लागतात, असे तो तरुण म्हणतो. मध्यंतरी त्याचा दूरध्वनी आला होता. आपले लोक ‘टाकी’ लिहितात, सुरतेत रुळलेले ‘टांकी’, आणि कित्येक जण मराठी शब्दही रोमन अक्षरांत उमटवितात, कोणता ठेवावा? मी म्हटले, बाबा, तिन्ही ठेव.