तालमीला एक खोली द्या

ठाकुर्लीत ड्रम शिकणाऱ्या पोराचं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घर वन बीएचके, भिंतीपलीकडे कुणाची तरी दहावी. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. मग उशीवर काड्या आपटायच्या, नाहीतर स्लो लोकलमध्ये बसून बाकावर बोटं चालवायची.

जाझ म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क आठवतं. पण जगभरचे जाझवाले ज्याचं नाव आदराने घेतात, तो ड्रमर आपल्या मुंबईत जन्मला, १९५१ साली. त्रिलोक गुर्टू. आई शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव. त्यामुळे तबला लहानपणीच हातात आला. पुढे परदेशी रेकॉर्ड कानावर पडल्या. स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवतात हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकू येतं ते सगळं एकटा माणूसच वाजवतो असं समजून तेही एकट्याने वाजवायला बसले! इतका भारी गैरसमज आपल्यालाही व्हावा.

त्यांचा सेट पाहिलात तर चक्रावाल. स्टूल नाही, जमिनीलगत, गुडघ्यावर बसून वाजवतात. हाताशी ड्रम, तबला, झांजा आणि शेजारी चक्क पाण्याची बादली. घुमणारी थाळी पाण्यात उतरवली की तिचा सूर खाली घसरतो. यूट्यूबवर बघाच.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या ‘ओरेगन’ बँडचा तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला. त्याची जागा पुढे गुर्टूंनी घेतली. मग जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत आले. १९८९ ची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली मैफल आजही ऐकली जाते. आणि १९८८ चा त्यांचा स्वतःचा अल्बम ‘उस्फ्रेत’? त्यात आई गाते. ठुमरी गाणारी आई आणि मुलाचे ड्रम एकाच रेकॉर्डवर!

पण त्यांच्या घरातच रियाज होता. तुमच्या घरात तो मावत नाही, आणि यात तुमचा काहीच दोष नाही. पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोलपथकाला टाळ्या वाजवणारं आपलं गाव, उरलेलं वर्ष काडीचा आवाजही सहन करत नाही. सेक्रेटरी काकांवर तरी किती चिडणार? दहावीच्या पोरालाही शांतता हवीच की.

कॉलेजांचं मात्र आम्हाला नवल वाटतं. फेस्टच्या दोन दिवसांसाठी भिंतीएवढे स्पीकर भाड्याने येतात आणि वर्षभर संध्याकाळी सगळे वर्ग कुलूपबंद. त्यातला एक, रहिवासी इमारतींपासून लांबचा, सहा ते आठ उघडा ठेवायला काय हरकत आहे?

जीएसला गाठा, प्राचार्यांना अर्ज द्या. चावी कोणाकडे राहील, सेट कोण सांभाळेल ते त्यात लिहा. आणि परीक्षेच्या दिवसांत खोली बंद ठेवू, हेही आधीच लिहून टाका.