बोलेरो दिली, पण रस्ता?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी चारचाकी बनवली. जानेवारी २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. टाळ्या झाल्या! पण गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हे महिंद्रांनीच आधी लिहिलं होतं. म्हणजे बक्षीस मिळालं, रस्ता नाहीच.

आमच्या हट्ट्यात (ता. वसमत) सुट्टीला आलो की मी जुन्या मारुती ८०० चे प्लग साफ करतो, टॅपेट सेट करतो. डाएटमुळे चहा बिनसाखरेचा... आणि बॉनेटखाली उबेला झोपलेला बोका आधी हाकलायचा, मगच किल्ली. असो. शेजारची पोरं पाना मागतात. उद्या त्यांनी काही बनवलं तर?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तयार गाडीच्या मूळ रचनेत बदल करायलाही सहसा मनाई करतं. ब्रेक, स्टिअरिंगचा प्रश्न आहे, मान्य. पण ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडीसुद्धा तपासून घेता येते, पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयमध्ये कंपन्या गाड्या पास करून आणतात. एकट्या लोहाराला ते कसं परवडणार? फी घ्या, कडक तपासा, हवं तर नापास करा. पण हिंगोलीच्या आरटीओत त्यासाठी एक खिडकी उघडा की राव!