गटारातले रसायनशास्त्र शिकवणार कोण?

दहावीच्या विज्ञानात दोन अभिक्रिया शिकवतात. दोन किंवा अधिक पदार्थांपासून एकच उत्पादित तयार होते, ती संयोग अभिक्रिया. एकाच पदार्थापासून दोन किंवा अधिक उत्पादिते मिळतात, ती अपघटन अभिक्रिया. व्याख्येला गुण असतात म्हणून मुले ती घोकतात. आमचा सवाल एवढाच, की ही घोकलेली विद्या वस्तीतल्या मुलाच्या कामी कधी येणार?

भीमजयंतीआधी आपण विहाराला चुना देतो. चुनखडी भट्टीत तापवली की तिचे अपघटन होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, हा झाला संयोग. भट्टीवर राबणारे आणि भिंत रंगवणारे हात आपलेच. पण हे समीकरणही आपलेच आहे, असे आपल्या मुलाला वाटत नाही. कारण प्रयोगशाळेला कुलूप आणि फळ्यावर नुसती सूत्रे!

आता मैलाटाकीकडे या. तिथे हवेविना जीवाणू मैल्याचे विघटन करतात. परीक्षानळीतल्यापेक्षा ही क्रिया गुंतागुंतीची. पण मोठे रेणू फुटून लहान होतात, हे तत्त्व तेच. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला उतरलेला भाऊही परत येत नाही.

सुरक्षा साधनांविना गटारात, मैलाटाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती 30 लाख केली. आम्ही वकिली करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: भरपाई प्रेत बाहेर आल्यावर मिळते. त्याआधी उपयोगी पडते ते ज्ञान, आणि 'आम्ही उतरणार नाही' म्हणण्याचे बळ.

जे संयोगाने बनले ते विघटन पावते आणि कारणाशिवाय काहीही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग गटारातला मृत्यू नशीब कसा? त्याला दोन कारणे आहेत. एक विषारी वायू, दुसरे जातिव्यवस्था. पहिले कारण मुलाला शाळेत कळले, तर दुसऱ्याशी लढायला तो उभा राहील.

बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा कलेसोबत विज्ञानही ठेवले. ते घोकंपट्टीसाठी नव्हे. पालकांनो, शाळेत जाऊन प्रयोगाचा तास मागा. समाजातील विज्ञान शिक्षकांनो, रविवारी विहारात या. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ झालेली मुलांना दाखवा. आणि त्याच बैठकीत मैलाटाकीचे झाकणही उघडा, शब्दांनी.

जयभीम!