लस येईल तेव्हा येईल, तपासणी आजच हवी

गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधीच तो लशीने परतवता येईल, अशा बातम्या अधूनमधून येतात. ही आशा खोटी नाही. पण तिच्या भरवशावर अमरावती-अकोल्यातील बायकांची तपासणी लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही २०२३ मध्ये बाजारात आलेली लस विषाणूला शरीरात शिरण्यापूर्वीच अडवते. म्हणून ती मुलींना लहान वयात द्यायची. पेशीत आधीच ठाण मांडलेल्या विषाणूवर तिचा इलाज चालत नाही.

उपचारासाठीच्या डीएनए लशीची कल्पना वेगळी आहे. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशींच्या वाढीचा लगाम सोडवतात. त्यांची जनुकीय माहिती टोचून शरीराच्या संरक्षक पेशींना बाधित पेशी ओळखायला शिकवायचे, अशी ही लस. इनोव्हिओ या अमेरिकी कंपनीच्या लशीची चाचणी २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या सुमारे ४९ टक्के स्त्रियांमधील कर्करोगपूर्व बदल मागे हटले. औषध नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र अपेक्षित निकष गाठता आला नाही आणि २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेत मान्यता मागण्याचा बेत सोडला. डीएनए लस बनवणे भारताला अशक्य नाही. अहमदाबादच्या झायडसच्या कोविडवरील डीएनए लशीला २०२१ मध्येच परवानगी मिळाली होती. तरीही प्रयोगशाळेतून गावच्या उपकेंद्रापर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

दुसरा रस्ता महाराष्ट्रानेच जगाला दाखवला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या दोन टक्के स्त्रियांचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती.

कर्करोगपूर्व बदल दुखत नाहीत, म्हणून बाई दवाखान्यात जात नाही. अंगावरून रक्त जायला लागते तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. वास्तविक या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढ्या काळात तो भाग उष्णतेने जाळून किंवा गोठवून काढता येतो. बहुतेकींना पूर्ण भूलही लागत नाही.

मग अडते कुठे? कपाशीच्या वेचणीत एक दिवस बुडाला की मजुरी बुडते. धारणीहून अमरावती गाठायची तर घाट उतरण्यातच दिवस मोडतो. तपासायला पुरुष डॉक्टर असेल, ही लाज वेगळीच. यावर उपाय आहे. एचपीव्ही तपासणीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेलाही तो मान्य आहे. आशा सेविकेने गावात नमुने गोळा करावेत, ते हंगाम सोडून करावेत आणि दोष निघालेल्या बाईला तालुक्यातच उपचार मिळावा. अहवाल देऊन तिला नागपूरला धाडणे म्हणजे अर्धेच काम.

उद्या डीएनए लस खरोखर आली, तरी ती कोणाला टोचायची हे तपासणीशिवाय कळणार नाही. म्हणजे आज उभारलेली तपासणी लशीच्या दिवसांतही वाया जाणार नाही. आज ती उभारली नाही, तर लस येऊनही वऱ्हाडातल्या बाईच्या दंडापर्यंत पोहोचणार नाही.